अण्णा आले, खात्री एकाहत्तर टक्के

"टाकी क्रमांक चार. अण्णा आले. खात्री ७१ टक्के."

पडद्यावर हे उमटलं तेव्हा मी चहा तोंडाला लावत होते. कप तसाच खाली ठेवला. सहा वर्षांत टाकीचा आकडा नव्वदच्या खाली उतरलेला मी पाहिला नव्हता.

'अण्णा आले' म्हणजे काय ते आधी सांगते, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल की टाकीचं झाकण उघडून कुणी म्हातारे गृहस्थ बाहेर पडले. या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली आणि तेव्हाची पात्रं आपापल्या ठिकाणी सुखात आहेत, म्हणून सगळंच सांगायला हरकत नाही.

मी वैजयंती बोंद्रे. उभी हयात दूध डेअऱ्यांमध्ये स्वयंचलित यंत्रणा बसवण्यात गेली. दूध किती तापलं, कुठला व्हॉल्व्ह कधी उघडायचा, हे यंत्राला शिकवणं माझं काम. निवृत्त झाल्यावर घरात बसून कंटाळले होते, तेवढ्यात पिरंगुटच्या दिगंबर तोडमलांचा फोन आला. त्यांचा बिअरचा छोटासा कारखाना होता. आसपासचे लोक त्याला 'हातभट्टी' म्हणत आणि दिगंबरराव ते हसून सोडून देत. मी तिथे जाते म्हटल्यावर माझ्या जाऊबाई मात्र विषय बदलत.

दिगंबरराव मूळचे बार्शीचे. रसायनशास्त्राची पदवी घेऊन पुण्याला आले, नोकरी केली, सोडली आणि ज्वारीची बिअर करायला लागले. मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी आणायची, मोड आणायचे, वाळवून भरडायची आणि थोड्या जवाबरोबर शिजवायची. बिअरचं नावही त्यांनी 'मालदांडी'च ठेवलं. पुण्यातली चार-पाच बरी हॉटेलं ती घेत. पण एका खेपेला अमृत तर दुसऱ्या खेपेला धुवण, अशी तिची तऱ्हा होती.

मी दोन वर्षांत भरडण्यापासून पिंपं भरण्यापर्यंत सगळं यंत्रावर घेतलं. एक गोष्ट तेवढी यंत्राला जमेना. यीस्ट टाकीत साखर खातं तेव्हा मध्येच एक लोण्यासारखा वास सुटतो. दोनेक दिवसांनी यीस्टच तो परत गिळून टाकतं. तो गेला, की लगेच टाकी थंड करायची. आधी केली तर बिअरला लोण्याचा वास राहतो, उशीर केला तर यीस्ट मरून बिअर कुबट वास धरते. मधली वेळ पाच-सहा तासांची. ती दिगंबरराव टाकीच्या तोंडाशी नाक नेऊन ओळखत आणि मग म्हणत, "बाई, सोडा थंड पाणी." ते गावाला गेले की मालदांडीचं धुवण होई.

तेव्हा नुकतीच 'खासगी नाकं' बाजारात आली होती. माणसाच्या नाकात वास पकडणारी चारेकशे तऱ्हेची प्रथिनं असतात, आणि ती सगळ्यांची सारखी नसतात. माझ्या नाकातली आणि तुमच्या नाकातली जवळजवळ तीस टक्के प्रथिनं वेगळी वागतात. म्हणून एकाला कोथिंबीर आवडते आणि दुसऱ्याला ती साबणासारखी लागते. शास्त्रज्ञांनी युक्ती काढली ती अशी. माणसाची थुंकी घ्यायची, त्यातून त्याच्या नाकाचा नकाशा काढायचा, तीच प्रथिनं यीस्टच्या पेशींत वाढवायची आणि नखाएवढ्या चिपवर बसवायची. टाकीतली वाफ त्यावरून गेली की चिप त्या माणसाच्या नाकासारखी चाळवते. मात्र चाळवली म्हणजे तिला कळलं असं नाही. कुठल्या चाळवण्याला काय म्हणायचं, हे त्या नाकाच्या मालकानं शिकवावं लागतं.

मी दिगंबररावांच्या नाकाची चिप करून घेतली, आणि ती शिकवतानाच आमचं पहिलं भांडण झालं. माझ्याकडे वासांची प्रमाणित यादी होती, एकशे बावीस शब्दांची. दिगंबररावांनी ती वाचून बाजूला सारली. नमुन्यांची पहिली बाटली हुंगून म्हणाले, "ओलं पोतं."

"तसा शब्द यादीत नाही."

"मग यादी चुकलीय. लिवा की बाई. मला येतोय तो वास मी सांगायलोय."

ओलं पोतं, पाटीवरची पेन्सिल, बाळंतिणीची खोली, कुलूप लावलेली शाळा. मी नाक मुरडत लिहीत गेले. आणि एके दिवशी ऐन थंड करायच्या घटकेला त्यांनी टाकीवर वाकून बराच वेळ श्वास घेतला आणि म्हणाले, "अण्णा आले."

"हा वास आहे?"

त्यांनी सांगितलं ते असं. त्यांचे वडील, अण्णा, बार्शीत पावाच्या बेकरीत भट्टीवर होते. पहाटे जात आणि दुपारी शाळा सुटायच्या सुमाराला घरी येत. कपड्यांना खमिराचा आणि भाजल्या पिठाचा वास. तो वास आधी दारात येई आणि मागून अण्णा. "ते जाऊन पंचवीस वर्षं झाली. पण टाकी जमली, की येत्यात."

मला एकदम माझ्या वडिलांच्या तपकिरीची डबी आठवली आणि मी मुकाट्याने 'अण्णा आले' असं नोंदवलं. तेव्हापासून त्या यंत्राने हे दोन शब्द म्हटले की थंड पाण्याचा व्हॉल्व्ह आपोआप उघडे. मालदांडी एकदाही बिघडली नाही.

मग दिगंबररावांचं खरं नाक गेलं.

एका पावसाळ्यात त्यांना साधा ताप आला, चार दिवसांत उतरला आणि जाताना वास घेऊन गेला. कुणालाच कळलं नाही. ग्लास नाकाशी धरायचा, मान डोलवायची आणि हळूच पडद्याकडे बघायचं, हे त्यांनी महिनाभर बेमालूम केलं. मला कळलं ते पंपामुळे. पंपाचं रबर जळून खोलीभर घाण पसरली होती, मी पदर नाकाला लावला होता आणि दिगंबरराव त्या पंपाशेजारी उभे राहून मला नव्या ज्वारीबद्दल सांगत होते.

"दिगंबरराव, रबर जळतंय."

त्यांनी पंपाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. चेहरा पडला. "कुणाला बोलू नका बाई. बिन नाकाचा बिअरवाला म्हंजे काय राहिलं?"

मी शब्द दिला. डॉक्टर म्हणाले, मज्जातंतू पुन्हा आले तर आले. ते आले नाहीत. पण भिंतीवर त्यांचं दुसरं नाक होतंच, आणि वर्षभर त्या उसन्या नाकावर कारखाना सुरळीत चालला.

आता एकाहत्तरचा आकडा का भिववणारा होता, ते कळेल. चिपवरची प्रथिनं दोन वर्षांत थकतात. नवी चिप बनवून मिळते, पण दोन चिपा कधीच तंतोतंत सारख्या नसतात. मालकाने चाळीस बाटल्या हुंगून तिला आपले शब्द पुन्हा शिकवावे लागतात. जुन्या चिपकडून नवीला शिकवायचं म्हटलं तर ते विसरभोळ्या मास्तरांकडून पाढे शिकल्यासारखं. आकडा साठच्या खाली गेला, की करारानुसार कंपनीचं सार्वत्रिक नाक चालू होणार होतं, सगळ्या जगाला एकच. त्याने केलेली बिअर मी दुसरीकडे चाखली होती. चूक काढायला जागा नाही आणि आठवण ठेवायला काही नाही. म्हणजे महिन्या-दीड महिन्यात मालदांडी जाणार होती आणि अण्णा पुन्हा कधी येणार नव्हते.

"दुसरं कुणी हुंगू शकेल," मी म्हटलं. "तुमच्या नाकाच्या जवळचं नाक हवं. मनूचं अर्धं नाक तुमचंच आहे."

मनू म्हणजे मृण्मयी, त्यांची एकुलती एक मुलगी. चिंचवडला राहते, फिजिओथेरपिस्ट आहे. आई गेल्यानंतर दिगंबररावांचं तेवढंच माणूस.

"तिला यात आणायचं न्हाई," ते म्हणाले आणि उठून गेले.

त्याच्यामागे काय होतं ते मला अर्धवट माहीत होतं. मनूचं लग्न ठरलं तेव्हा तिच्या माहितीपत्रकात वडिलांच्या व्यवसायापुढे 'अन्नप्रक्रिया उद्योग' असं छापलं होतं. दिगंबररावच ते सगळ्यांना दाखवून हसत. "खोटं काय हाय? ज्वारी अन्न हाय, प्रक्रिया मी करतो." पण लग्नाच्या आदल्या आठवड्यात मनू त्यांना म्हणाली होती, "बाबा, त्या दिवशी तरी तो वास येऊ देऊ नका." ते चार दिवस कारखान्यात फिरकले नाहीत, रोज दोनदा चंदनाच्या साबणाने अंघोळ केली आणि कार्यालयात व्याह्यांपासून दोन हात लांब उभे राहिले. हेही ते मला हसतच सांगायचे. त्यानंतर लेकीकडे जायचं तर आधी दोन दिवस सुट्टी, अंघोळी आणि निघण्याआधी स्वतःची बाही हुंगून बघायची, असा त्यांचा नेम झाला. गेल्या वर्षभरात मात्र ते तिच्याकडे गेलेच नव्हते. नातीच्या बारशालाही नाही. गुडघा दुखतोय म्हणाले होते.

आकडा नेमका कधीपासून घसरला ते शोधायला मी यंत्राच्या जुन्या नोंदी काढल्या. घसरणीचं कारण नेहमीचंच, वय झालेलं. पण मार्च महिन्यात तीन विचित्र नोंदी दिसल्या. त्या कुठल्याच टाकीच्या नव्हत्या. यंत्राला एक हातात धरायची नळी आहे, बाटल्या तपासायला, तिच्यातून आलेल्या होत्या.

सकाळी आठ चाळीस. अण्णा आले. खात्री ९३.

सव्वानऊ. साबण. अण्णा आले. खात्री ९०.

नऊ पन्नास. साबण. साबण. अण्णा आले. खात्री ८८.

तारीख पाहिली. वीस मार्च. बारशाचा दिवस.

मला सगळं एकदम कळलं आणि फार वाईट वाटलं. हा साठीचा माणूस नवा शर्ट घालून, नळी स्वतःच्या बाहीला लावून यंत्राला विचारत होता की मला वास येतोय का. यंत्राने खरं ते सांगितलं. मग ते कारखान्याच्या मोरीत अंघोळ करून आले आणि पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदाही उत्तर बदललं नाही तेव्हा त्यांना गुडघा आठवला.

मी नोंदी त्यांच्यापुढे ठेवल्या. 

"नाक होतं तवा मला कळायचं, वास गेला का न्हाई," ते म्हणाले. "आता कुणाला विचारू? तुम्हाला विचारायची लाज वाटली. ह्याला विचारलं. हे तरी खोटं बोलत न्हाई." मग म्हणाले, "तिच्या सासरची माणसं आली असणार. तिनं एकदाच तर मागितलं होतं माझ्याकडं काही."

दिलेला शब्द मी दुसऱ्याच दिवशी मोडला आणि मनूला फोन केला. दुसऱ्यांच्या घरात नाक खुपसायची मला सवय नाही, पण नाकाचाच प्रश्न होता.

"बाबा रागावलेत माझ्यावर, मला माहितीय काकू," मनू फोनवर म्हणाली. "मी लग्नात बोलले ते त्यांनी मनाला लावून घेतलं."

"रागावले नाहीत गं. त्यांना वास येत नाही. सव्वा वर्ष झालं. आपल्याला बिअरचा वास मारतोय का, हे त्यांना कळत नाही, म्हणून ते तुझ्याकडे येत नाहीत." आणि वीस मार्चच्या तीन नोंदी मी तिला जशाच्या तशा वाचून दाखवल्या. 'अण्णा आले' याचा अर्थ तेवढा सांगितला नाही. 

"रविवारी येते," ती म्हणाली.

रविवारी सकाळी ती आली. मुलीला नवऱ्याजवळ ठेवून आली होती. दिगंबरराव तिला फाटकातच बघून गडबडले आणि पाच-सहा हात अंतर राखून म्हणाले, "अगं, कळवायचं तरी. मी नुसता असाच..." आणि शर्ट झटकायला लागले. मग माझ्याकडे एक जळजळीत कटाक्ष टाकला. तो मी कमावलेलाच होता.

मी मनूला नव्या चिपच्या खोलीत बसवलं. "प्यायचं काही नाही, नुसतं हुंगायचं आणि पहिला सुचेल तो शब्द लिहायचा. बरोबर-चूक असं काही नाही." चाळीस बाटल्यांत काय आहे ते फक्त मला माहीत होतं. दिगंबरराव काचेपलीकडे एक आधीच स्वच्छ असलेली नळी पुसत उभे राहिले.

पहिली बाटली. मनूने डोळे मिटले आणि लिहिलं, ओलं पोतं.

तिसरी. पाटीवरची पेन्सिल. सातवी. बाळंतिणीची खोली.

मी खूश झाले. अर्धी प्रथिनं बापाची, काम फत्ते, असं मनात म्हटलं. पण अकराव्या बाटलीला तिने 'कुलूप लावलेली शाळा' लिहिलं तेव्हा माझ्यातली शहाणी इंजिनियर जरा गप्प झाली. असे शब्द प्रथिनांतून येत नाहीत. मी तिला विचारलं.

"घरात असंच बोलायचो आम्ही," ती म्हणाली. "दूध नासलं की बाबा ते हुंगून सांगायचे, ओलं पोतं झालं. मे महिन्यात गावचं घर उघडलं की म्हणायचे, कुलूप लावलेली शाळा. मला वाटायचं सगळेच असं म्हणतात. कॉलेजात मैत्रिणी हसल्या तेव्हा कळलं, की ही भाषा आमच्या दोघांचीच आहे."

तीस बाटल्या झाल्या. चारांतले तीन शब्द जुळत होते. त्यापेक्षा जास्त मला नको होते.

एकतिसावी बाटली चार नंबरच्या टाकीतली होती, ऐन थंड करायच्या घटकेची. मनूने ती नाकाशी नेली आणि लगेच खाली ठेवली. पुन्हा उचलली. तिचा श्वास मला ऐकू येत होता. मग डोळे पुसायच्या भानगडीत न पडता तिने दोन शब्द लिहिले आणि पडद्यावर यंत्राचा प्रश्न उमटला.

"'बाबा आले' हा शब्द यादीत नाही. या बाटलीची जुनी नोंद: अण्णा आले. नवा शब्द ठेवायचा का?"

"संध्याकाळी सहाला फाटक वाजायचं आणि हा वास यायचा," मनू म्हणाली. "आईने त्यांना बजावलं होतं, आधी मोरीत जा, मग पोरीला घ्या. अंघोळ करून आले की ते नुसते साबण असायचे. म्हणून मी दारामागे लपून राहायचे. मोरीत जायच्या आधी दोन मिनिटं ते चप्पल काढत उभे असायचे ना, तेवढ्यात पायाला मिठी मारायची." तिने बाटलीचं बूच लावलं. "आणि मीच त्यांना सांगितलं, वास येऊ देऊ नका. सासरचे काय म्हणतील म्हणून घाबरले होते, काकू. त्यांनी काही म्हटलंही नसतं."

दिगंबरराव खोलीच्या दारात कधी येऊन उभे राहिले होते ते आम्हाला कळलं नाही. त्यांनी पडदा वाचला. मनूने 'अण्णा आले'कडे बोट दाखवून विचारलं, "हे काय आहे?"

"तुझे आजोबा," ते म्हणाले. "ते बी असेच यायचे."  हातातलं फडकं घडी करून त्यांनी टेबलावर ठेवलं. "बाई, दोन्ही शब्द ठेवता येत्यात का?"

"येतात," मी म्हटलं आणि ठेवले. एका वासाला दोन नावं देणं आमच्या शास्त्रात बसत नाही, पण त्या दिवशी शास्त्राला कुणी विचारलं नाही. पंधरा दिवसांनी चार नंबरची टाकी त्या नव्या चिपवर निघाली तेव्हा पडद्यावर दोन्ही नावं होती आणि पुढे सत्त्याण्णवचा आकडा.

उरलेल्या नऊ बाटल्या मनूने त्या रविवारीच भराभर संपवल्या. घड्याळ पाहून म्हणाली, "चला बाबा, घरी. पिल्लू उठली असेल. तिला अजून तुम्ही बघितलेलं नाही."

"थांब, दहा मिनिटांत अंघोळ उरकतो," म्हणत ते मोरीकडे वळले.

"अंघोळ नको."

"अगं, सकाळपासनं टाक्यांमधी हाय मी. मला कळत न्हाई, पण..."

"मला कळतंय," मनू म्हणाली. "म्हणूनच नको."

मी त्यांना फाटकापर्यंत सोडायला गेले. दिगंबरराव त्याच शर्टात, अंग चोरून, दाराला चिकटून गाडीत बसले. बसल्या बसल्या त्यांनी वारा लागावा म्हणून आपल्या बाजूची काच खाली केली. मनूने गाडी सुरू केली आणि बटण दाबून ती काच पुन्हा वर घेतली.